फ्रान्सची ड्रायव्हर येळवशीच्या रानात

अण्णा फुलांचा टेम्पो चालवायचे. टेम्पो एका मालकाचा, फुलं दुसऱ्या मालकाची, आमचे म्हणायचे तर फक्त स्टेअरिंगवरचे हात. मुदखेडच्या मळ्यांतले गुलाब पहाटे भरायचे आणि ऊन चढायच्या आत नांदेडच्या फूलबाजारात उतरवायचे, हे त्यांचं काम. मी चौथीत असताना त्यांचे डोळे जायला लागले. लख्ख उन्हात दिसायचं, पण झुंजूमुंजू उजेडात समोरचा बैल आणि बाजूची बाभळ त्यांना एकच वाटायची. दवाखान्यात सांगितलं, हे वाढत जाणार. अण्णांना दुसरं काम येत नव्हतं आणि घरात खाणारी तोंडं भरपूर होती. मग माय मला पहाटे उठवायची, कानाला तिचा जुना स्कार्फ बांधायची आणि टेम्पोत अण्णांच्या शेजारी बसवायची. मी रस्ता सांगायचे. "डावं घ्या अण्णा. हळू. बैलगाडी हाय. आता सरळ."

पुढे दुपारच्या उन्हातही त्यांना अंधूक दिसायला लागलं, तेव्हा अण्णांनी स्वतःच मालकाच्या हातात चावी ठेवली. त्यानंतरची वर्षं मायनं हार ओवून काढली. आमच्या घराला तेव्हा कायम गुलाबाचा वास असायचा आणि चुलीवर बहुतेक वेळा नुसतं वरण. त्या घरातून मी विष्णुपुरीला जाऊन मेकॅनिकल इंजिनीअर झाले. आमच्या अख्ख्या भावकीत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखं आहे.

आता प्रवासाकडे येते. पुण्यात मी शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले. तिथं मालकांनी राजस्थानच्या वाळवंटातल्या शर्यतीसाठी फ्रान्सहून एक ड्रायव्हर बोलावली. सोलांज तिचं नाव. वय साठीकडे झुकलेलं, केस पांढरे आणि बारीक कापलेले, चालताना डावा पाय किंचित ओढणारी. अशा शर्यतीत ड्रायव्हरच्या शेजारी एक माणूस बसतो आणि पुढचा रस्ता बोलून सांगतो. त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. ती खुर्ची रिकामी होती. मालकांच्या मनात बंगळूरचा एक मुरलेला माणूस होता. मी केबिनमध्ये जाऊन सरळ सांगितलं, मला बसायचं आहे. मालक हसले. सोलांज हसली नाही. तिनं विचारलं, "तुला कुठले रस्ते पाठ आहेत?"

"नांदेड आणि लातूर."

"मग दोन दिवस तिकडे जाऊ. पहिल्या दिवशी रस्ता लिहून घे, दुसऱ्या दिवशी मला वाचून दाखव. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर बंगळूरला फोन."

तिसऱ्या दिवशी तिचं परतीचं विमान होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या दोन दिवसांत.

मुदखेड

सरावाची जीप घेऊन आम्ही पुण्याहून रात्रीच निघालो आणि सकाळी आधी घरी गेलो. मायनं औक्षण केलं आणि गुलाबाचा हार घातला. फ्रान्समध्ये असा हार शर्यत जिंकल्यावर घालतात, असं सोलांज म्हणाली. मी मायला ते सांगितलं. माय म्हणाली, "मग हारलेल्याला काय उपाशी पाठवतेत का?"

अण्णा बाजेवर बसले होते. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. त्यांनी सोलांजचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या खालचा घट्टा चाचपला आणि म्हणाले, "ही खरी डायवर हाय." मग मला म्हणाले, "इचार बाईला, गाडी कधी पलटली का?"

मी विचारलं. सोलांजनं बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि मग नाद सोडून दिला.

"माझी एकदाबी न्हाई," अण्णा म्हणाले. "सांग तिला."

मी सांगितलं. सोलांज मोठ्यानं हसली आणि विचारलं, डोळे अधू असताना हे कसं जमलं? अण्णांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं, मान वळवली. "मी नुसतं स्टेरिंग धरलं. गाडी तर ही पोरगी चालवायची, बाजूला बसून." हे इंग्रजीत सांगायला मला थोडा वेळ लागला.

निघेपर्यंत अण्णांनी तिला चार शब्द शिकवले. तिच्या डाव्या हातावर चापट मारून "डावं", उजव्यावर मारून "उजवं". पंजा पुढे नेऊन "सरळ". आणि पंजा खाली दाबत "हळू". बाईनं शाळेतल्या पोरासारखे ते परत परत म्हणून दाखवले. "ळ" मात्र तिला शेवटपर्यंत आला नाही.

विष्णुपुरी

धरणाच्या कडेला थांबून आम्ही डब्यातले धपाटे खाल्ले. मायनं सोबत शेंगदाण्याची चटणी दिली होती. ती सोलांजनं लोण्यासारखी जाड थर देऊन लावली आणि मग बराच वेळ पाणी पीत राहिली. गोदावरी शांत होती. मी तिला माझं कॉलेज दाखवलं, हॉस्टेलची खिडकी दाखवली. तिनं तिचं गाव सांगितलं.

फ्रान्सच्या मधोमध जुन्या, विझलेल्या ज्वालामुखींचे डोंगर आहेत. तिथल्या एका खेड्यात तिच्या बापाची पावाची भट्टी होती. शाळेत जायच्या आधी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर व्हॅनमधून पाव पोचवायचे. थोरला भाऊ चालवायचा आणि ती शेजारी बसून मांडीवरच्या टोपल्या सांभाळायची. वळण आलं की ओरडायची, म्हणजे पाव सांडणार नाही अशा बेतानं भाऊ वळवायचा. भाऊ पुढे शर्यतीत उतरला तेव्हा तिलाच शेजारी बसवलं. बाप वारल्यावर भावानं भट्टी धरली आणि शर्यतीची गाडी तिच्याकडे आली.

"पहिली शर्यत जिंकले, तर पेपरवाल्यानं विचारलं, हेल्मेटनं केस खराब होत नाहीत का," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी केस कापले. तेव्हापासून असेच आहेत."

मग डोंगरातल्या शर्यती झाल्या, बर्फातल्या झाल्या. दिवसरात्र चालणाऱ्या शर्यतीत तिघं आळीपाळीनं गाडी हाकतात, त्यात तिच्या वाट्याला नेहमी धुक्याची पहाट यायची, कारण पाववाल्याच्या पोरीला पहाटेची सवय, असं बाकीचे म्हणायचे. आफ्रिकेच्या वाळवंटातली मोठी शर्यत मात्र ती कधीच जिंकली नाही. एकदा दुसरी आली. आणि एकदा पाय मोडून घेतला.

तो पाय कसा मोडला हे तिनं मला धरणावर सांगितलं, तेव्हा ती हसत नव्हती. शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरची रस्त्याची पानं पुढेमागे झाली होती. त्याला कळलं होतं की आपण चुकलोय. पण एवढा नावाजलेला माणूस, चुकलो म्हणायला जड गेलं. तो तशाच ठाम आवाजात वाचत राहिला. ठाम आवाज ऐकून तिनं गाडी भरधाव सोडली, आणि पुढे रस्ताच नव्हता. दोघं वाचले. पण तिचं एक वर्ष पलंगावर गेलं. परत गाडीत बसली तेव्हा लोक म्हणाले, आता हिनं भट्टी सांभाळावी. त्यानंतरही ती बरीच वर्षं शर्यतीत होती.

"तो आता कुठे असतो?" मी विचारलं.

"दर नाताळला फोन करतो," ती म्हणाली. "चांगला माणूस आहे. पण त्याच्या शेजारी मी परत बसले नाही."

शिरूर अनंतपाळ

लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही शिरूरच्या बाजूला उतरलो. रस्ता मी आधीच ठरवला होता. हॉस्टेलला माझी खोलीतली मैत्रीण शिवलीला, तिच्या वडिलांचं शिरूरला बी-बियाण्यांचं दुकान आणि बाहेर मोठं रान आहे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यांच्या रानातून तळ्याकडे जाणारी खासगी कच्ची वाट आहे. तिच्यावर एरवी कुणी फिरकत नाही, वळणं भरपूर. मी फोनवर विचारलं होतं, "अप्पा, अमावस्येला तुमच्या रानातल्या वाटेवर येऊ का? गाडीचा सराव करायचा आहे." अप्पा म्हणाले होते, "अगं, अमुशाला तर यायलाच पाहिजे. पाहुण्यालाबी घेऊन ये."

दिवसही मी हुशारीनं निवडला होता. ती अमावस्या म्हणजे येळवस, वेळ अमावस्या, आणि येळवशीला लातूर ओस पडतं हे मला ठाऊक होतं. दुकानं बंद, ऑफिसं रिकामी, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आमच्या मुदखेडकडे या सणाचं तेवढं नाही. मला येळवस माहीत होती ती दुसऱ्या दिवशी शिवलीलाच्या डब्यातून हॉस्टेलला यायची तेवढीच. म्हटलं, सगळं बंद, तर वाटही मोकळी.

त्या संध्याकाळी वाट खरंच मोकळी होती. आम्ही सावकाश जाऊन आलो आणि मी एकेक वळण लिहून घेतलं. एका कडेला दोन गडी कडब्याच्या पेंढ्यांची झोपडी उभी करत होते. मी मनात म्हटलं, असेल राखणीची कोप. सोलांजनं काळ्या मातीचं एक ढेकूळ उचललं, फोडून बघितलं आणि म्हणाली, "ही जळालेल्या दगडाची माती. आमच्याकडे हीच आहे." ढेकूळ तिनं रुमालात बांधून घेतलं.

मुक्कामाला लातूरला आलो. बाजारात भाज्यांची अशी झुंबड की गाडी पुढे सरकेना. लॉजवाला चहा देताना म्हणाला, "उद्या चहाबी भेटायचा न्हाई मॅडम. आम्ही सगळे रानात." मला ते ऐकून बरंच वाटलं.

येळवस

सकाळी लातूरमधून निघालो तर खरोखर संचारबंदी लागल्यासारखं शहर. सोलांज म्हणाली, "दिवस चांगला निवडलास." मी गालातल्या गालात हसले.

ते हसू शिरूरच्या अलीकडे जिरलं. अख्खं लातूर रानात आलं होतं. मोटारसायकलवर डोक्याएवढे डबे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नऊवारीतल्या म्हाताऱ्या, बैलगाड्यांना झुली. अप्पांच्या वाटेवर पोचलो तर काल जिथे एक कोप होती तिथे आज नजर जाईल तिथवर कोपी. वाटेवर सतरंज्या अंथरलेल्या. जिथे मी "डावं, तीव्र, उतार" असं लिहिलं होतं, तिथल्या लिंबाला झोका बांधून पोरं खेळत होती. हेल्मेट हातात धरून मी तशीच उभी राहिले.

शिवलीला माहेरी आलेली होती. ती धावत आली, माझ्याकडे आणि जीपकडे बघून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येळवशीला रानातली वाट मोकळी असती, असं तुला कुण्या शाण्यानं सांगितलं?"

"अप्पाच म्हणाले, या म्हणून."

अप्पा मागून आले. "मग? जेवायला या म्हणलो. येळवशीला कुणी गाडी पळवायला येतंय का? रानातनं जाणाऱ्या परक्या माणसालाबी आम्ही आज उपाशी जाऊ देत न्हाई, आन् तू तर लेक."

मी सोलांजला सांगितलं की मी चुकले, आज इथे गाडी पळवता येणार नाही. तिनं मान हलवली. "आणि माझं विमान उद्या आहे," एवढंच म्हणाली. तिनं फोन काढला नाही, पण बंगळूरचा माणूस मला तिथे धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, उभा असलेला दिसला.

जेवण टाळायची सोय नव्हती. आधी कोपीत मांडलेल्या पांडवांची पूजा झाली. पाच दगड, त्यांना चुना आणि कुंकू. मग अप्पांनी रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडली. पंगत बसली. पानात आधी भज्जी आली, पण ही कांद्याची भजी नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि रानात असेल ती प्रत्येक भाजी बेसनात शिजवलेली. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि बिंदगीतली, म्हणजे मातीच्या छोट्या घागरीतली, ताकाची थंडगार आंबील. सोलांज मांडी घालू शकत नव्हती, तर शिवलीलाच्या आईनं, काकूंनी, तिला कडब्याच्या पेंढीवर बसवलं. तिच्या गावीही द्राक्षं काढून झाली की मळ्यातच पंगत बसते, पण ती फक्त राबणाऱ्यांची, असं तिनं सांगितलं. वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून बसवतात हे तिला नवीन होतं. तिसऱ्यांदा भज्जी वाढायला आलेल्या काकूंना तिनं हात आडवा करून म्हटलं, "हलू, हलू." पंगत खोखो हसली. काकू म्हणाल्या, "शिकलेली दिसती गं," आणि वाढलंच.

मी मात्र पानात नुसती बोटं फिरवत होते. शिवलीला कोपरानं ढोसत होती, "जेव की. तोंड बघ, जसं काय तुझीच गाडी पलटली." पण मी घरून निघताना ठरवून आले होते. खुर्ची घेतल्याशिवाय मी पुण्याला जाणार नव्हते. पाणी पिऊन उठले आणि सोलांजसमोर जाऊन उभी राहिले.

"वाट नाही तर नाही. दुसरी काहीतरी परीक्षा लावा. काहीही लावा."

तिनं हात धुतले, रानाकडे बघितलं. तळ्याच्या अंगाला सोयाबीन निघून गेलेलं अप्पांचं एक मोठं वावर मोकळं पडलं होतं. मग तिनं अप्पांच्या खांद्यावरच्या उपरण्याकडे बोट केलं. "हे मागून घे. आणि त्या पेंढ्या. वडिलांची गाडी कशी चालवायचीस, ते दाखव."

ती डोळे बांधून गाडी चालवणार होती, माझ्या आवाजावर.

अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी "शिवशिव" म्हटलं आणि मग सगळ्या गड्यांना कामाला लावलं. पेंढ्या उभ्या करून वावरात वाकडीतिकडी वाट आखली. सगळी माणसं, पोरंटोरं, बैल लांबच्या धुऱ्यापलीकडे नेली. एक म्हातारी म्हणाली, "उपरणं नीट बांधा, नाहीतर फटीतनं बघंल." अप्पांनी स्वतः गाठ मारली.

पहिल्या फेरीला मी पुण्यात शिकले तसं बोलले, इंग्रजी आकडे, मीटर, वळणाचे अंश. दुसऱ्याच वळणाला एक पेंढी आडवी झाली, पुढे आणखी दोन. धुऱ्यावरून हसण्याचा आवाज आला. सोलांजनं गाडी थांबवली. डोळ्यांवर पट्टी तशीच. "तू कागद वाचतेयस. इथे कागद नाही. मी कोण आहे?"

मी काच खाली केली. संध्याकाळची थंडी सुरू झाली होती, मातीचा वास येत होता. मी पुढे बघत म्हटलं, "सरळ घ्या. हळू. आता डावं. अजून डावं. सरळ."

गाडी गेली. एकाही पेंढीला न शिवता गेली. अण्णांच्या वेळी मला जे कळलं होतं ते मी विसरले होते. वळण आल्यावर सांगितलं तर उशीर होतो आणि फार आधी सांगितलं तर माणूस वाट बघत बसतो. एका श्वासाचं अंतर ठेवायचं. सोलांजनं गिअर बदलला, वेग वाढवला. "परत," ती म्हणाली. आम्ही परत फिरलो.

परतताना तोंड मावळतीकडे होतं. सूर्य सरळ डोळ्यांत आला. आमच्याच चाकांनी उडवलेली धूळ वावरात तरंगत होती आणि वारा ती आमच्यावर आणत होता. समोर नुसतं सोनेरी काहीतरी. मला आठवत होतं की इथे बहुतेक सरळच आहे. सरळ म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. अख्खं शिरूर बघत होतं, अप्पा बघत होते, शिवलीला बघत होती. बहुतेक हा शब्द मी गिळत होते आणि गाडी पुढे जात होती.

"थांबा," मी म्हटलं. "मला दिसत नाही."

तिनं ब्रेक दाबला. थांबा हा शब्द अण्णांनी तिला शिकवला नव्हता, पण तो तिला कळला. धूळ खाली बसली. समोर काहीच नव्हतं. पेंढ्या दोन्हीकडे होत्या तशा, मधे सरळ मोकळी वाट. धुऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "अगं, सरळच हाय की." परत हसणं. माझे कान तापले.

सोलांजनं उपरणं सोडलं, समोरच्या मोकळ्या वाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या हेल्मेटचं माप काय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं तिथेच पुण्याला फोन लावला आणि मालकांना तो आकडा सांगितला. बंगळूरचा विषय तिनं काढला नाही, मालकांनी काढला असावा, कारण ती दोनदा "नाही" म्हणाली. मग उपरण्याची नीट घडी करून ते अप्पांना देण्यासाठी उतरली. तोवर बाया येळवशीच्या रिवाजाप्रमाणे पेटती पेंढी घेऊन रानाला फेरी घालायला निघाल्या होत्या. सोलांज त्यांच्या मागे लंगडत लंगडत पूर्ण फेरी चालून आली.

निघताना काकूंनी जीपमध्ये उंड्यांचा डबा आणि आंबिलीची एक बिंदगी ठेवली. ती लातूरच्या आधीच कलंडली. सबंध गाडीत आंबील झाली. लॉजवर आम्ही दोघींनी बादल्या घेऊन जीप धुतली.

नंतर

पुढच्या काही महिन्यांत मी शर्यतीचं लायसन्स काढलं, दिशा आणि नकाशा शिकले, वाळूतून गाडी ओढायला शिकले. राजस्थानात वाळवंटात तीनदा मी "थांबा, मला कळत नाही" म्हणाले, आणि तिन्ही वेळा ती थांबली. आमच्यापेक्षा वेगानं गेलेल्या काही गाड्या नंतर आम्हाला वाळूत रुतलेल्या दिसल्या.

शर्यत संपली त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. अण्णांनी एकच विचारलं, "पलटली का?"

"एकदाबी न्हाई," मी म्हटलं.

आमच्या गटात आम्ही दुसऱ्या आलो. गाडीच्या दारावर दोन नावं होती, वरचं सोलांजचं आणि खालचं माझं.